फ्रीजसमोरचा चहा

घाटकोपर, शनिवार

ती. उत्तराताईंना,

गंधालीचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे, भावोजींचा खोकला आणि कांदिवलीच्या बाल्कनीतल्या तुमच्या कुंड्या, सगळं ठीक असेल असं धरून चालते. इकडे आई ठणठणीत आहेत, आणि तीच खरी अडचण आहे. फोन तुम्ही उचलत नाही. मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, म्हणजे वाचता, एवढंच कळतं. म्हणून हे पत्र, आजच माणसाच्या हाती पाठवते. फाडायचं झालं तरी एकदा हातात घ्यावं लागेल.

तर झालं असं, की विक्रोळीला आमच्या लॅबमधला मोठा फ्रीजर सोमवारी बंद पडला. (आत उणे ऐंशी अंश असतं. दार उघडलं की पापण्या कडक होतात.) दुरुस्तीवाला पार्ट मागवतो म्हणून गेला तो गेलाच. आमचे साहेब, नंदकिशोर, यांनी महत्त्वाचे डबे ओळखीच्या लॅबांत पोचवले आणि एक छोटा डबा उरला तो माझ्या हातात दिला. "मॅडम, तुमचं घर सर्वांत जवळ. ड्राय आइसमध्ये घालून न्या, घरच्या फ्रीजरमध्ये ठेवा, पण पुढच्या सोमवारी परत हवा हं. याच्यावर अख्खं काम अडलंय." डब्यात बारीक नळ्या, नळ्यांत एन्झाइम. माणसाच्या यकृतात असतं ते, पण हे कुणाच्या यकृतातून काढलेलं नाही. कधीकाळी कुणा माणसाच्या पेशीतून त्याची कृती वाचून घेतली आणि ती जंतूंना शिकवली. आता ते बिचारे टाकीत बसून माणसाचं एन्झाइम बनवतात. एखादं नवीन औषध आपलं यकृत कसं पचवेल, हे आम्ही त्यावर तपासतो. यंत्र नीट मोजतंय ना हे पाहायला आधी एन्झाइमला कॅफिन देतो, कारण चहा-कॉफीतलं कॅफिन हे एन्झाइम चटकन मोडून टाकतं.

आता माझा शहाणपणा ऐका. आईंना इंग्रजी वाचता येत नाही आणि मटार समजून त्यांनी डबा उघडला तर पंचाईत, म्हणून मी वर स्केचपेनने ठळक मराठीत लिहिलं. झाकण एवढंसं, त्यावर सगळी कथा मावेना. मावलं ते असं: "माणसाचं यकृत. हात लावू नये."

आपल्या दोघींचा मुकुल, माझा नवरा नि तुमचा भाऊ, यकृतानेच गेला, हे लिहिताना माझ्या डोक्यात कसं आलं नाही, देव जाणे. (आलं असणार. मी एरवी त्या शब्दाच्या वाटेलाही जात नाही.)

मंगळवारी कामावरून आले तर फ्रीजरमध्ये तो डबा आणि बाकी काही नाही. सुरमईच्या तुकड्यांची रवानगी शेजारच्या मधुवंतीकडे झालेली, खण पुसलेला, आणि आई समोर पाटावर बसलेल्या.

"ह्या कोणाचा गो?"

मी सगळं समजावलं. कृती, जंतू, टाकी. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माणूस गेलो तरी तेचा काम चालूच आसा."

"हो, तसंच काहीसं."

"आणि तो माणूस कोण, तां तुका ठावक नाय."

"नाही ना आई. कुणालाच नाही."

"मग माझो झील कशावरून नाय?"

त्यांचा मुलगा कशावरून नाही, याला शास्त्रात उत्तर आहे, ताई. मी ते दिलंही, वर्षांचा हिशेब मांडून. त्यांनी मान डोलावली आणि चहाचा कप भरून फ्रीजसमोर ठेवला. मुकुलचा कप, दांडीपाशी टवका उडालेला. मुकुल चहा पिऊन घोरायचा, आठवतं ना? लोकांची चहाने झोप उडते, याची लागायची. कप हातात असतानाच मान कलायची.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला फ्रीजसमोर चहा. पहिल्या दिवशी मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, की कप ठेवला की फ्रीजची मोटर थांबते. घर एकदम गप्प होतं. मग थोड्या वेळाने सुरू होते, पण नेहमीसारखी नाही. आधी एक लांब ओढ, मग खरखर, मग क्षणभर काहीच नाही, आणि पुन्हा ओढ. (मेकॅनिकला फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, "भाभी, गॅस संपत आलाय.") त्या आवाजाला मी पाठ टेकून बसले ती तिथेच झोपले, ताई. वर्षभरात अशी झोप लागली नव्हती. जाग आली तर पाठ गार पडली होती आणि अंगावर आईंनी टाकलेली चादर.

मी शिकलेली बाई. शुक्रवारी आईंनी सकाळीही फ्रीजसमोर कप ठेवला, तेव्हा कामावर जाताना त्यातला चहा एका बाटलीत भरला, माझ्या कपातला दुसऱ्या बाटलीत, आणि दोन्ही लॅबच्या यंत्रात घातले. म्हटलं, भीती घालवायची तर मोजून घालवावी. दोन्ही एकाच पातेल्यातले असणार. माझ्या चहात कॅफिन भरपूर. मुकुलच्या चहात शून्य. मी यंत्र धुऊन पुन्हा लावलं. पुन्हा शून्य. नंदकिशोर साहेब मागून डोकावले. "कुठला चहा हा, मॅडम? आमच्या हिला द्यायला पाहिजे, दुपारी पिते आणि रात्रभर मला जागवते." मी हसले. दोन्ही बाटल्या पिशवीत टाकल्या. नळ्या बंद, डबा बंद, फ्रीजरचं दार बंद, आणि चहा बाहेर.

असो. तुमची तब्येत सांभाळा. भावोजींना नमस्कार सांगा. घाबरू नका, मीही घाबरलेली नाही, फक्त स्वयंपाकघरात जाताना हल्ली खाकरून जाते.

तुमची,
गंधाली

ता. क. एवढं लिहून आईंना वाचून दाखवलं. त्या पदराने डोळे पुसेपर्यंत हसल्या. "अगो, तेका डॉक्टरांनी चहापावडर बंद केल्यानी नाय काय? मी तेका गवती चहाच उकळून देतंय." मधुवंतीच्या कुंडीतला. त्यात कॅफिन नसतंच! एवढं शिकून मी गवताचा काढा यंत्रात घातला. तेव्हा वरचं सगळं विसरा.

ता. क. दुसरा. खरी गोष्ट आता लिहिते. सोमवारी डबा परत गेला नाही तर माझी नोकरी जाईल, आणि आई डबा द्यायला तयार नाहीत. त्यांची एकच अट आहे: "उत्तरा येऊन तेका बघून जाऊ दे, मग ने." तुम्ही मुकुलला यकृताचा तुकडा द्यायला निघाला होतात. डॉक्टरांनी नाही म्हटलं, तुम्ही नाही. तरी तेराव्यानंतर तुम्ही या घराची पायरी चढला नाहीत. आईंनी तुम्हाला कधीच बोल लावलेला नाही, ताई. त्या रोज पानं वाढताना एक ताट जास्त घेतात. मी समजत होते मुकुलचं. परवा विचारलं तर म्हणाल्या, "मुकुलाचा कशाक? तेचो कप आसा. ह्या उत्तराचा." उद्या रविवार आहे. या.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात मधुवंती दारात आली. बुधवारी पेस्ट कंट्रोलवाल्याने तिच्या कुंडीवर औषध मारलं, तिने गवती चहा मुळापासून उपटून टाकला, आणि आईंना पानं देता आली नाहीत म्हणून ओशाळली होती. मी आईंकडे पाहिलं. "तेवापासून तुझ्याच पातेल्यातलो ओततंय," त्या म्हणाल्या. "सांगूचा रवला."

मी बाटली भरली ती शुक्रवारी. म्हणजे दोन्ही चहा एकाच पातेल्यातले.

येताना तुमच्या कुंडीतला गवती चहा आणा. विसरलात तरी चालेल. त्याला आता फरक पडत नाही.