लाल ठिपक्यांची हाक

३ जानेवारी, नागाव
पोचले एकदाची. विश्वंभरकाकांच्या होमस्टेची देखभाल आता माझ्याकडे. खोली स्वच्छ, खिडकीत पोफळी, मागे विहीर. सोबत आणलेलं माझ्या ह्यांचं खोकं आधी उघडलं. चार एलईडी मॅट्रिक्स, म्हणजे बारीक दिव्यांच्या चौकटी, ओळीने जोडून ह्यांनी पाटी केली होती. एकेकात चौसष्ट लाल ठिपके. इंग्रजी अक्षरं आयती मिळतात, मराठी मात्र एकेक अक्षर चौकटीच्या वहीत ठिपके भरून बनवावं लागतं. ‘या, बसा’ एवढं झालं आणि हे गेले. दोन वर्षं झाली. पुस्तकं वाचून वायरी जोडायला मीही शिकले. पाटी दारावर लावली. ‘या, बसा’ सरकू लागलं. बरं वाटलं.

४ जानेवारी
झाडलोटीला येणाऱ्या ठमीताईंनी बजावलं, तिन्हीसांजेला हाक आली तर लगेच ओ द्यायची न्हाय. मानूस असंल तर तीनदा हाक मारील, पन विहिरीतल्याला तिसरीपर्यंत दम नसतो. माझ्याआधी इथे असलेल्या बाईंनी पहिल्याच हाकेला ओ दिली. त्यांची वाचा गेली, आणि आठवड्यात त्यांचा मुलगा विहिरीत. मी हसून विचारलं, मला कोण हाक मारणार? म्हणाल्या, म्हनूनच सांगत्ये, एकट्या मानसाला हाक गोड लागते.
रात्री राहीला फोन करून हे सांगितलं. लेक माझी अलिबागला वसतिगृहात असते. खूप चिडवलं तिने. मग म्हणाली, बरं बाई, तीन मोजीन.

७ जानेवारी
दिवा लावून बाहेर आले तर पाटीवर ‘कुमुद’. माझं नाव. ह्यांच्या वहीत यातलं एकही अक्षर नाही. कधी गुपचूप भरून ठेवलं असेल? जिवंतपणी मला कधी नावाने हाक मारली नाही, ‘अगं’ म्हणायचे. पाटीवरचं नाव म्हणजे काही हाक नव्हे, असं मनाशी म्हटलं.
आणि म्हटलं, ओ.

८ जानेवारी
घसा बसलाय. मिठाच्या गुळण्या केल्या. उपयोग नाही. ठमीताईंनी माझे नुसते हलणारे ओठ पाहिले, केरसुणी तिथेच टाकली आणि गेल्या.

९ जानेवारी
पाटीची वायर काढली. ठिपके तसेच लाल. आता ‘राही’.
तिला मेसेज केला, उद्या यायचं ठरलंय, पण येऊ नकोस. फोन का उचलत नाहीस, तिने विचारलं. घसा गेलाय, लिहिलं. मग तर येतेच, म्हणाली. चुकलं माझं—
संध्याकाळी विहिरीत कोणीतरी खाकरलं. मग हळू, पुन्हा पुन्हा, राही, राही. शिकल्यासारखं. माझ्या आवाजात.

१० जानेवारी, तिन्हीसांज
फाटकाशी बसलेय. फोन कालपासून बंद पडलाय. मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ओ देऊ नको. ती दिसली की वही उंच धरायची.
रिक्षा. इकडे नाही— मागे, विहिरीकडच्या बेड्याशी, त्या बांबूच्या फाटकाशी. उठवत नाही. पाय माझे नाहीतच. हात तेवढा चालतोय. वही हलवली. तिची पाठ आहे—
हाक आली. माझाच आवाज. एक.
राही थांबली. ओ नाही दिली. शहाणी माझी.
दोन.
बोटांवर मोजतेय. तिसरीपर्यंत दम नसतो. नसतो. ठमीताई म्हणाल्या होत्या.
तीन.
ती हसली. विहिरीकडे वळली. तोंड उघ—