वाफ्यातली माती

११ नोव्हेंबर
सहाना दारातल्या वाफ्यातली माती बाटलीत भरून घेऊन गेली. नात माझी, प्रयोगशाळेतली! बाळंतपणाला आली ती अजून आमच्याकडेच. चार महिन्यांच्या बाळाला अंगावर पाजते, आणि त्याच वाफ्यात मी लावलेला हरिवे सोप्पू, म्हणजे माठाचा पाला, रोज भाजीत खाते. "अज्जा, खाते ते दुधात उतरतं." स्वतःचं दूधही दिलंय तपासायला. माझ्या मातीत काय असणार!

१८ नोव्हेंबर
डीडीटी निघालं. जुनं असेल, म्हटलं. लहानपणी सरकारी माणसं पंपानं घरं फवारायची. आम्ही पोरं मागे मागे, कविता ओरडत. तो वास म्हणजे माझी शाळा! सहाना हसली नाही. "जुनं मोडतं अज्जा. यंत्र रेणू फोडून तुकडे तोलतं — मोडलेलं वेगळं कळतं. तुमच्या मातीत मोडलेलं थोडं, अख्खंच जास्त. कोणीतरी आत्ता टाकतंय."
कोण? शेजारचा मंजुनाथ! गुलाबांवर सारखं काही मारत असतो.

१९ नोव्हेंबर
मंजुनाथाशी भांडलो. "अय्यो रायरे, गोमूत्र री ते! हुंगा हवं तर!"
हुंगलं. गोमूत्रच. दमलो.

२१ नोव्हेंबर
सकाळी ओट्यावर बसलो होतो, बायको, भागीरथी, रांगोळी घालत होती. शाळेतल्या कवितेतली मुंगी आठवली. दाण्यादाण्यासाठी धावणारी, आणि आमच्या दारात कधी येईचना! जन्म गेला, आज विचारलं, "तुझ्या तांदळाच्या पिठाला मुंग्या कशा गं लागत नाहीत?"
"चिमूटभर पावडर कालवते की! दादाच्या डब्यातली."
दादा म्हणजे तिचा भाऊ, मलेरिया खात्यातला. जाऊन कैक वर्षं झाली. म्हणजे फवारणीचं डीडीटीच! पत्र्याचा डबा, घट्ट झाकण — ना ऊन, ना माती, मोडणार कसं? रोज सडा घालताना कालची रांगोळी वाहून वाफ्यात.
सांगितलं. तिच्या हातातलं पीठ खाली सांडलं. "अहो, म्हणजे बाळाला मीच..."
जेवली नाही.

२२ नोव्हेंबर
सहाना डबा बांधून घेऊन गेली. सोप्पू उपटला. दुधाचा निकाल अजून नाही.

२५ नोव्हेंबर
दार रांगोळीवाचून ओकंबोकं. बाळ रडलं तरी भागीरथी उचलत नाही.

२८ नोव्हेंबर
निकाल आला. दुधात अख्खं डीडीटी जवळजवळ नाही. मोडलेलं मात्र आहे. "डब्यातलं नव्हे अज्जा, फार जुनं, त्या घरं फवारायच्या काळातलं. अज्जीच्या दुधातून आईत, आईच्या दुधातून माझ्यात." डॉक्टर म्हणतात, पाजत राहा, दुधासारखं दुसरं काही नाही.
भागीरथीला "डब्यातलं नव्हे" एवढंच सांगितलं.