चर्चला घातलेल्या मिठीतली फट

नेदरकोम,
सणानंतरचा सोमवार

तीर्थरूप हेस्टरताईस धाकट्या रूबेनचा नमस्कार.

गुडघा कसा आहे? मेहुण्यांचा खोकला? इकडे सगळं ठीक. कोंबड्या अंडी देताहेत आणि मी अजून चर्चची घंटा ओढतो. (वारा तुझ्या बाजूचा असला की ऐकू येत असेलच.) काल आपल्या चर्चचा सण झाला. तू रुसून पलीकडच्या गावच्या, दुसऱ्या पंथाच्या चॅपलमध्ये जायला लागलीस, तरी ही हकीकत तुला कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच कळवतो. मागायचं काही नाही.

ताई, आपले पूर्वज भक्तीत कमी पडले नाहीत, हीच आता अडचण झाली आहे. मूळ चर्च आटोपशीर होतं. ती दारावरची गोल कमान, जाड भिंती, झालं. सणाला गावाने हातात हात धरून, बाहेरून कडं करून सहज कवेत घ्यावं एवढंच. मग लोकरीच्या व्यापाऱ्याने उत्तरेला अख्खी नवी बाजू बांधली आणि छताला लाकडी देवदूत लावले. (त्यातल्या एकाचं नाक व्यापाऱ्याच्या सासूचं आहे म्हणतात.) पुढे मनोरा आला, तो कलला म्हणून त्याला दगडी टेकू आले. प्रत्येकाच्या प्रेमाने चर्चचा घेर वाढला आणि गाव मात्र आटत गेलं.

नवे पाद्रीबुवा लव्हिबॉंड यांनी आधीच बजावलं होतं, "कडं जुळलं तर प्रथा ठेवू. नाही तर पुढच्या वर्षीपासून नुसता चहा आणि केक." आम्ही आपापल्या वाडवडिलांच्या जागी उभे राहिलो. माझी उत्तरेला, खाजकुइलीत. तिथून पलीकडचं काही दिसत नाही. कडं जुळलं की हातातून हातात दाब येतो, तेव्हाच कळतं. मी भिंतीला नाक लावून वाट बघत राहिलो. त्यामुळे दगडावरचे छिन्नीचे घाव प्रथमच नीट पाहिले. सगळे एकीकडे कललेले, एका दगडावरचे मात्र उलटे. तो गवंडी डावखुरा असणार. त्याच्यासाठी मनातल्या मनात प्रार्थना केली. दाब काही येईना.

नंतर कळलं ते असं. दक्षिणेच्या दाराशी फट राहिली होती. पाद्रीबुवा म्हणाले, "चेडझॉयबाई, जरा सरका की."

"तिथे हेस्टर उभी राहते."

"अहो, ती तर कधीच चॅपलवाली झाली."

"म्हणून काय झालं? जागा तिचीच."

(तू रुसलीस ती ज्यावरून, ती तुझी लिलीची फुलं खांबाआड ठेवली याच बाईंनी.) शेवटी पाद्रीबुवा स्वतःच फटीत शिरायला निघाले, तर बाईंनी हात मागे घेतला. "तुम्ही नवे आहात," म्हणाल्या. बेकरीवाल्या एमसने छत्री पुढे केली, तर म्हणाल्या, "मिठी छत्रीने घालतात का रे, मुडद्या?"

कडं जुळलं नाही. पाद्रीबुवांनी कपाळ पुसत एक वर्षाची मुदत दिली आहे. चहा चांगला होता.

तुझा,
रूबेन

ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलंय ते मेहुण्यांसाठी, पत्र तेच आधी वाचतात. पुढच्या सणाला तू ये. आत प्रार्थनेला यायची सक्ती नाही. मिठी बाहेरूनच असते.

आणखी एक. तुझ्या डाव्या हाताला चेडझॉयबाई असतील. क्षमा वगैरे नंतर बघू, हात तेवढा धर. हातमोजे घातले तर चालतं का, हे पाद्रीबुवांना विचारलं. चालतं. (विचारायला मला चेडझॉयबाईंनीच पाठवलं होतं.)