नाजूक जिवांची बैठक
फिलाडेल्फिया, जून १९०१

आई,

टेनिसचा चषक यंदाही माझ्याकडेच आला, तेव्हा आधी निवांत बस आणि मग पुढचं वाच. जेवण नीट चाललंय. गुडघाही बराय, जिना उतरताना जरा कुरकुरतो एवढंच. बाबांनी चेरी उतरवल्या का?

काल ऑगस्टा फेनविकने पहिल्या दोन सेटमध्ये मला धूळ चारली. पुढचे तीन मी घेतले. ऊन मी म्हणत होतं, त्यात कमरेला आवळलेला कॉर्सेट आणि पायांत घोटाळणारा झगा. तरी घेरी आली कुणाला? क्लबच्या सचिवांना, मिस्टर क्रॉलींना! छत्रीखाली, खुर्चीत बसल्या बसल्या. लिंबू सरबत पाजून शुद्धीवर आणलं.

संध्याकाळी हेच पहिलवान बैठकीत म्हणाले, "बायकांच्या नाजूक जिवाला पाच सेट झेपत नाहीत. पुढच्या वर्षीपासून तीनच." बाकीच्या मिशाळ बाहुल्यांनी माना डोलावल्या. आम्हाला विचारतंय कोण?

मी ऑगस्टाला म्हटलं, "काय गं, दमलीस?"

"दमायला मी काय सचिव आहे?"

मग ते आत बसून आमची काळजी वाहत होते, तोवर आम्ही दोघी त्यांच्या खिडकीसमोरच आणखी दोन सेट खेळलो. दोन्ही तिने जिंकले. मला सूर सापडायला वेळ लागतो, हे तुला ठाऊकच आहे. आता तीनातले दोन हरले की खेळ संपला.

पुढच्या चषकासाठी फळीवर जागा राखू नकोस. तिथे मुरांब्याच्या बरण्या मांड.

तुझी, अजूनही न दमलेली,
डीली