पाठमोरी माणसं

४ मार्च
आज कामाचा पहिला दिवस. ताईने डबा दिला, भावोजींनी सायकलवर मागे बसवून थेट दारापर्यंत सोडलं. ते खाली जुने कपडे निवडतात. मी वरच्या खोलीत. कॅमेऱ्याने टिपलेल्या चित्रांवर चौकटी काढायच्या आणि प्रत्येकीला नाव द्यायचं, ‘माणूस’ किंवा ‘कपडे’. साहेबांनी समजावलं, यंत्राला उपजत अक्कल नसते. हजारो उदाहरणं दाखवली की त्यांवरून ते स्वतः ठरवायला शिकतं. चाकांवर फिरणारा लोखंडी हात कपडे उचलून गठ्ठे बांधणाऱ्या दाबयंत्रात टाकणार, माणूस दिसला की थांबणार. भावोजी भेटेल त्याला सांगत सुटलेत, आमच्या मेहुणीबाई यंत्राच्या मास्तरीणबाई झाल्या.

८ मार्च
वाकलेली, पाठमोरी माणसं आणि कपड्यांचे ढीग सारखेच दिसतात. एकेका चित्रापाशी मी अडून बसते. शेजारची म्हणाली, अगं, तोंड दिसलं तर माणूस, नाहीतर कपडे. इथे सगळ्या तेच करतात, तू काय जगावेगळी आहेस? आज चारशे चित्रं संपवली. साहेब खूश.

१५ मार्च
लोखंडी हात आज सुरू झाला. झाडूवाल्या मावशी वाकून झाडत होत्या. त्याने त्यांना कमरेत धरून उचललं आणि दाबयंत्रात टाकलं. झाकण दोनदा आपटलं. गठ्ठा बांधून बाहेर आला. तारांमधून वेणी लोंबत होती.

१६ मार्च
साहेबांना आमची चूक सांगितली. म्हणाले, नव्याने शिकवायला महिना जाईल. तोवर सगळ्यांनी यंत्राकडे तोंड करून काम करावं. भावोजींना म्हटलं, जाऊ नका. ते म्हणाले, तुझाच विद्यार्थी ना, मला बरोबर ओळखेल.

१७ मार्च
खालून किंकाळ्या आल्या. धावले. दोघांना लोखंडी हाताने चिरडलंय. एकाचा दंड खांद्यापासून तुटून जमिनीवर. बाकीचे बाहेर पळाले, मी आत शिरले, दार आपोआप बंद झालं. भावोजी पालथे पडलेत, पायाचा चेंदामेंदा. त्यांना आडोसा करून बसलेय. माझं तोंड दिसतं तोवर तो थांबतो. बंद करायची कळ त्याच्या पलीकडे.

खिशात वही होती. कुणाला तरी कळावं म्हणून — चित्रं पुन्हा तपासा. पाठमोरी सगळी माणसंच. माझी चारशेही तपासा.

एक शब्द लिहायचा, वर बघायचं. मान खाली गेली की तो सरकतो.

मघाशी पाच पावलांवर होता. आता दोन.

भावोजी कण्हताहेत. म्हणतात, तू जा. मला वळून बघता येत नाही.

ताईला सांगा, मी त्यांना सोडून —