सीझर, शिस्त आणि मेणाचा थेंब

३ ऑक्टोबर १९८२, रविवार

पिल्लू आणले. अर्नाळ्याच्या पीटरकडून. तांबूस रंग, कान अजून पडलेले, डोळ्यांत बुद्धीची चमक. नाव ठेवले सीझर.

रेजिना म्हणाली, "कुत्रा तुमचा, घाण तुमची, मी हात लावणार नाही. महिनाअखेरपर्यंत सांगितल्यावर बसायला शिकला नाही, तर ॲन्सेल्म त्याला वटारला नेईल." ॲन्सेल्म म्हणजे तिचा भाऊ. त्याच्या केळीच्या बागेला राखण हवीच आहे.

अट मान्य केली. विरारच्या हायस्कुलात नववीचा वर्ग मी नुसत्या नजरेने खाली बसवतो. हे तर एक पिल्लू.

तरी रेजिना इतक्या सहज कशी कबूल झाली? लक्ष ठेवायला हवे.

५ ऑक्टोबर, पहाटे

शिकवणी सुरू. पुस्तक इंग्रजी, म्हणून आज्ञाही इंग्रजीत. सिट. पुस्तक म्हणते, आज्ञा एकदाच द्यावी, स्पष्ट द्यावी. मी कारणेही दिली. स्वातंत्र्य म्हणजे स्वैराचार नव्हे, स्वतःहून पत्करलेली शिस्त हेच खरे स्वराज्य, वगैरे. सीझर मान तिरकी करून ऐकत होता. असा श्रोता बागायतदार मंडळाच्या सभेला मिळत नाही. मग माझ्या चपलेवर मुतला. विचार मूलगामी आहेत, पचायला वेळ लागणारच.

त्याच दिवशी, रात्री

शाळेतून परस्पर मंडळाच्या सभेला. आपल्या विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाते, त्यावर कडाडून बोललो. मध्येच आलोशियस म्हणाला, "मास्तर, आधी कुत्र्याला बसवा, मग सरकारला उठवा." प्रचंड हशा. गेल्या निवडणुकीत मला पाडल्यापासून हा माणूस फार विनोदी झाला आहे.

पण कुत्र्याचे त्याला सांगितले कोणी?

८ ऑक्टोबर

सभेहून आलो तर सीझर माझ्यावरच भुंकला. स्वतःच्या तोंडावर टॉर्च मारून दाखवला, की हा मी. जास्तच भुंकला. रेजिना आतून म्हणाली, "अंधारात कुंपणातून आत येतो त्याला तो काय समजणार?"

राखणीची वृत्ती जागी झाली आहे. दिशा फक्त द्यायची आहे.

भात-मच्छी पुढे ठेवली, हुंगलीही नाही. पोट मात्र टम्म. तोंडाला गोड चिकट वास. मी दिवसभर शाळेत, संध्याकाळी सभेत. म्हणजे माझ्या पाठीमागे कोणीतरी त्याला फितवते आहे.

१० ऑक्टोबर, रविवार

वास ओळखला. सुकेळी! शेजारच्या सालोमी मावशीच्या मांडवावर राजेळी केळी सोलून वाळत घातली आहेत. आडून आडून विचारले, "मावशी, हल्ली मांडवावरचं काही कमी होतं का?"

"कोण नेणार, मास्तर? बाबू असतो की बसलेला. कावळ्याची बिशाद नाही."

"बाबू कोण?"

मावशी रेजिनाकडे बघून हसली. रेजिना चवळीच्या शेंगा मोडत राहिली. दोघींत काहीतरी शिजते आहे.

सकाळची शिकवणी: सिट म्हटले की सीझर आडवा होतो. आज्ञेच्या पुढे जातो आहे. हुशार पोरांत हा दोष असतोच.

१४ ऑक्टोबर

अत्यंत गंभीर. सीझरच्या पाठीवर मेणाचा थेंब सापडला. वाळलेला, पांढरा. केसांसकट काढून कागदात बांधून ठेवला.

कुत्र्याच्या अंगावर मेण कशाला येईल? वर्गावर पहारा करताना डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मेण लागते ते किल्लीचा साचा घ्यायला! माझ्या कपाटात पाणीप्रश्नाचे पुढचे भाषण आहे आणि ते कोणाला हवे असेल हे सांगायला नको. पिल्लाला सुकेळे चारून गप्प करायचे, आत शिरायचे, साचा घ्यायचा.

रेजिनाला विचारले, संध्याकाळी घरात कोण असते? म्हणाली, "कोण असणार? तेर्साचा महिना आहे, घंटा झाली की आम्ही सगळ्या तेर्सालाच असतो."

बरोबर. ऑक्टोबरभर सातच्या घंटेनंतर आळीतली माणसे रोज एकेका घरी जमून जपमाळेची प्रार्थना करतात. मला सभांमुळे जमत नाही. देवाला माझे काम ठाऊक आहे. पण म्हणजे त्या वेळी माझे घर उघडे, आणि राखणीला एकटा सीझर!

कुलूप बदलले.

१९ ऑक्टोबर

सभा लवकर आटोपली. सायकलवरून येताना आलोशियसच्या ओट्यावर त्याची बायको फ्लॉसी उभी. हाक मारत होती, "बाबू, ये रे, उशीर झाला." आणि कोण धावत गेला? सीझर! मी "सीझर!" म्हणून गर्जना केली. आळीतल्या तीन खिडक्या उघडल्या. सीझरने मागे वळूनही पाहिले नाही.

हे नाव ठेवतानाच कळायला हवे होते, की घात जवळच्यांकडून होतो.

आत जाऊन जाब विचारणार होतो, पण आतून तेर्साचा आवाज आला. प्रार्थनेत भांडण काढणे माझ्या तत्त्वात बसत नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

प्रतिहल्ला. यंदा शेवटचा तेर्स आमच्या घरी. त्या संध्याकाळी घंटेच्या आधी सर्वांसमक्ष सीझरचे प्रात्यक्षिक देईन, असे मंडळात जाहीर केले. शत्रूंना उघड्यावर आणायचे असेल तर त्यांना घरी बोलवावे.

रेजिना म्हणाली, "अजून विचार करा. ॲन्सेल्मला मी दोर घेऊनच यायला सांगितलंय."

सीझर पायाशी येऊन निजला. त्याच्या कानाला हात लावला. गरम असतो. वटारला हा उघड्यावर झोपणार. महिन्यात सवय लागते, बाकी काही नाही.

शिकवणीची वेळ वाढवली.

३१ ऑक्टोबर, रविवार, रात्री

सविस्तर लिहितो, कारण उद्या विपर्यास होईल.

अंगण भरलेले. आलोशियस पुढच्या बाकावर. ॲन्सेल्म दोर खांद्यावर टाकून पेरूखाली. मी मधोमध.

म्हटले, सिट. सीझर माझ्या बुटाची नाडी चावू लागला. पुन्हा म्हटले. दुसरी नाडी.

आलोशियस म्हणाला, "मास्तर, त्याला इंग्रजी विषय नसेल." मग मला चार शब्द बोलणे भाग पडले. परकी भाषा मुक्या जिवावरही कसा जुलूम करते इथून सुरुवात केली, आणि शिस्तीच्या मुद्द्यावर नुकता येतो आहे तोच चर्चची घंटा झाली.

सगळे उठले. टोप्या उतरल्या. मी वाक्याच्या मध्यावर होतो. वाक्य अर्धे सोडणे मला जमत नाही. एवढ्यात सीझर बसला. ताठ, शेपूट आवळून, कान टवकारून. कोणी काही न सांगता! आणि माझ्याकडे बघून गुरगुरला. मी थांबलो. तोही थांबला.

मग आत तेर्स. पूर्ण वेळ तो रेजिनाच्या बाजूला, मेणबत्तीखाली, हललासुद्धा नाही. एक थेंब पाठीवर पडला तरी नाही. शेवटच्या आमेनला उठला आणि सालोमी मावशीकडून सुकेळ्याचा तुकडा घेतला. आळीतल्या प्रत्येक घरी त्याची हीच बैठक होती म्हणे. फ्लॉसी म्हणाली, "आमच्या पोरांपेक्षा बाबूला जास्त भक्ती."

मेणाचा खुलासा झाला. कुलूप तसेही जुने झाले होते.

ॲन्सेल्मने दोर गुंडाळला. "भावोजी, हा तर बसतो. मी कशाला नेऊ?"

मी सर्वांचे आभार मानून यशाचे श्रेय पद्धतीला देणार, तोच रेजिना म्हणाली, "बसतो तो तेर्साला. उद्यापासून तेर्स ज्याच्या त्याच्या घरी. इथे मी एकटी कोणाबरोबर म्हणू? वटारला निदान सगळं घर घंटेला गुडघ्यावर असतं. तुम्ही यायचे असाल तर बाबू राहील."

सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. सीझरही माझ्याकडे बघत होता.

विचार करून सांगतो म्हणालो. ॲन्सेल्म दोर घेऊन रात्रीपुरता राहिला आहे.

१ नोव्हेंबर

ॲन्सेल्म सकाळी रिकाम्या हाताने गेला. मंडळात ठराव मांडला, की सभा यापुढे रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर घ्याव्यात. आलोशियसने ताबडतोब अनुमोदन दिले. संशयास्पद.

५ नोव्हेंबर

घंटेच्या आधी घरी. सोमवारपासून हेच चालले आहे. सीझर भुंकला नाही. शेपटी हलवली. पुस्तकाची पद्धत सावकाश पण निश्चित फळ देते.

तेर्साला बसलो. मध्येच टँकरविषयी एक बिनतोड मुद्दा सुचला. तोंड उघडले. सीझर हलकेच गुरगुरला. मिटले.

नंतर रेजिना कुंपणापाशी सालोमी मावशीला सांगत होती, "महिना लागला, पण शेवटी गप्प बसायला शिकला एकदाचा."

"कोण, बाबू?"

"नाही गं मावशी. बाबू तर पहिल्या आठवड्यातच शिकला."