फोटोशिवाय बिबट्या नको

१८ नोव्हेंबर
ओतूरजवळच्या या शाळेवर आज रुजू झाले. राहायला शाळेमागचीच खोली, तिन्ही बाजूंनी ऊस. सहा वर्षांच्या माझ्या जयाला जागा एवढी आवडली की आल्याआल्या फ्रॉक मळवून झाला! सरपंच दादाभाऊंनी वांगी आणून दिली आणि शिकलेल्या आहात म्हणत गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपची ॲडमिनही करून टाकलं. ग्रुपला शिस्त म्हणून नाही. सुप्रभात, गुलाबाची फुलं आणि उठसूट बिबट्या.

२१ नोव्हेंबर
परवाच ग्रुपवर नियम टाकले. पहिलाच: फोटोशिवाय बिबट्याचा मेसेज नको, अफवा पसरवणारा ग्रुपबाहेर. दादाभाऊ खूश. एकटे कुशाबा ऐकेनात. सत्तरीचे गृहस्थ, रोज तेच लिहितात: "वढ्याला बिबट्या हाय. पोरं आत घ्या." दोनदा बजावलं. तर म्हणे, त्यो फोटूला थांबतोय व्हय, बाई? तिसऱ्यांदा काढूनच टाकलं. मला तर हसू येत होतं.

२४ नोव्हेंबर
कुशाबा गेले. काल संध्याकाळी ओढ्याजवळ बिबट्याने गाठलं. वाचवा म्हणून लिहायला ते ग्रुपवर होतेच कुठे? मीच काढलं होतं. त्यांचा मोबाइल उसात कुठेतरी पडलाय, सापडला नाही.

२६ नोव्हेंबर
ग्रुपवर कुशाबांच्या नंबरवरून फोटो आला. मी काढलेला नंबर पुन्हा यादीत आहे. ओढा. गुडघ्याएवढ्या उंचीवरून काढलेला. खाली लिहिलंय: "नेमापरमानं फोटू टाकलाय, बाई." धावत दादाभाऊंकडे गेले. त्यांच्या मोबाइलवर काहीच नाही. माझ्या मोबाइलवरही त्यांना दिसेना. म्हणाले, दमलाय तुमी, जरा पडा.

२७ नोव्हेंबर
आज शाळेचा हातपंप. नंबर परत काढून टाकला. दहा मिनिटांत पुन्हा फोटो — आमची वाळवणाची दोरी, जयाचा लाल फ्रॉक. पुन्हा काढला. पुन्हा आला.

२८ नोव्हेंबर, दिवेलागणीला
आता आमचा उंबरा. जयाची चप्पल. ती आत आहे, कडी लावली आहे — बाहेर दार खरवडतंय काहीतरी.

ग्रुपवर लिहिलं, बिबट्या दारात आहे, या. फोन कुणी उचलेना. दादाभाऊंचं उत्तर आलं, फोटू टाका म्याडम, नेम तुमचाच हाय. त्याखाली सोळा जणांचे अंगठे.

हात जोडते, पाया पडते, असंही लिहिलं. कुणी —

फळी हलतेय. जया गच्च धरून बसलीय मला.

फोटो टाकला की येतील. येतीलच. खिडकी बोटभर उघडते, मोबाइल जाईल एवढीच —